क्लाउड भाड्याने मिळतो, घडी आपणच बसवायची

एप्रिल २०१८ मधल्या एका शनिवार-रविवारी ब्रिटनमधल्या टीएसबी बँकेने आपल्या ५२ लाख ग्राहकांची खाती एका संगणक यंत्रणेतून उचलून दुसरीत नेली. ही बँक पूर्वी लॉइड्स समूहाचा भाग होती. २०१५ मध्ये स्पेनच्या साबादेल बँकेने ती विकत घेतली, तरी खाती लॉइड्सच्याच संगणकांवर होती आणि त्यासाठी दरवर्षी मोठे शुल्क भरावे लागत होते. साबादेलच्या तंत्रज्ञान कंपनीने नवी यंत्रणा उभी केली, खात्यांचा सगळा तपशील तिच्यात गेला आणि तो बरोबर गेला. पुढे नियामकांनीही तसे नमूद केले. पण यंत्रणा ग्राहकांसाठी खुली होताच ती कोलमडली. लोकांना ॲपमध्ये शिरता येईना, काहींना दुसऱ्याचीच खाती दिसू लागली, फोनवरची मदतसेवा तुंबली आणि बँकेच्या सगळ्या शाखांना त्याची झळ बसली. कारभार पूर्ववत व्हायला डिसेंबर उजाडला. त्या वर्षी बँकेला या प्रकरणापायी ३३ कोटी पौंडांचा फटका बसला, सुमारे ८० हजार ग्राहक दुसरीकडे गेले आणि मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना पद सोडावे लागले. डिसेंबर २०२२ मध्ये ब्रिटनच्या दोन वित्त-नियामकांनी मिळून ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड ठोठावला. पुढच्या वर्षी बँकेच्या तत्कालीन माहिती-तंत्रज्ञान प्रमुखांना वैयक्तिक दंडही झाला.

माहिती बिनचूक पोहोचली, तरीही बँक अडली, ही यातली सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट आहे. चौकशीत पुढे आलेली कारणे पाहिली की तिचा उलगडा होतो. सगळे स्थलांतर जवळजवळ एकाच दमात करायचे ठरले. नव्या यंत्रणेचा भार दोन डेटा सेंटरांनी मिळून उचलायचा होता, पण भाराची चाचणी त्यांपैकी एकावरच झाली. तारीख आधी ठरली आणि कामे मागाहून त्या तारखेत कोंबली गेली. पुरवठादार कंपनी 'आम्ही तयार आहोत' म्हणाली आणि त्या तयारीची पुरेशी पडताळणी बँकेने केली नाही. यातले एकही कारण 'संगणक बिघडला' या सदरात बसत नाही. आपल्या कारभाराचे भाग एकमेकांना कुठे जोडलेले आहेत आणि एक हलवला की कोणते हलतात, याचे पुरते चित्र निर्णय घेणाऱ्यांपुढे नव्हते. गेल्या दहा-पंधरा वर्षांत जगभर 'डिजिटल परिवर्तन' या नावाने जे चालले आहे, त्यात क्लाउडची खरेदी हा सोपा भाग आहे आणि चर्चा बहुतेक त्याचीच होते. संस्थेचे कोणते काम कोणत्या माहितीवर, कोणत्या सॉफ्टवेअरवर आणि कोणाच्या भरवशावर चालते याची घडी बसवणे हा अवघड भाग आहे. पहिला भाग भाड्याने मिळतो. दुसरा कोणीही भाड्याने देऊ शकत नाही, आणि परिवर्तन तरते की बुडते हे त्या दुसऱ्या भागावर ठरते, असे माझे म्हणणे आहे.

आधी क्लाउड म्हणजे काय ते पाहू. कोणत्याही कंपनीला हिशेब, खाती, ऑर्डरी आणि पगार यांच्या नोंदी ठेवायला सर्व्हर लागतात. पूर्वी ते विकत घ्यावे लागत, त्यांच्यासाठी वातानुकूलित खोली, अखंड वीज आणि देखभालीची माणसे ठेवावी लागत. मार्च २००६ मध्ये ॲमेझॉनने माहिती साठवण्याची जागा आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संगणकाची प्रक्रियाशक्ती तासाच्या हिशेबाने भाड्याने द्यायला सुरुवात केली. मायक्रोसॉफ्ट आणि गूगल मागोमाग आले. अमेरिकेच्या 'निस्ट' या मानक ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने २०११ मध्ये क्लाउडची पाच लक्षणे सांगितली: हवे तेव्हा स्वतःच घेता येणे, नेटवर्कवरून कुठूनही वापरता येणे, एकाच साठ्यातून अनेक ग्राहकांना पुरवठा होणे, गरजेप्रमाणे चटकन वाढवता-घटवता येणे आणि वापराची मोजणी होणे. हे 'आकाशातले' संगणक अर्थातच जमिनीवर असतात. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नई इथे, तर ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत आपली केंद्रे सुरू केली. आज मुंबई-नवी मुंबई हा देशातला डेटा सेंटरांचा सर्वांत मोठा पट्टा आहे. फायदाही खराखुरा आहे. दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी एका तासात लाखो लोक एकाच संकेतस्थळावर तुटून पडतात आणि उरलेले वर्षभर तिथे शुकशुकाट असतो. अशा कामासाठी वर्षभर मोठे सर्व्हर पोसण्यापेक्षा एका दिवसापुरती क्षमता वाढवून घेणे शहाणपणाचे आहे. नव्या उद्योजकाला पहिल्याच दिवशी कोट्यवधी रुपयांची यंत्रे घ्यावी लागत नाहीत, हाही मोठा बदल आहे. क्लाउडविरुद्ध तक्रार करायचे कारण मला दिसत नाही. प्रश्न आहे तो त्याच्याकडून ठेवलेल्या अपेक्षांचा.

दुसरी बाजू एंटरप्राइज आर्किटेक्चरची, म्हणजे वर म्हटलेली घडी बसवण्याच्या शास्त्राची. नाव भारदस्त आहे, पण त्यामागची गरज साधी आहे. आयबीएममध्ये काम करणाऱ्या जॉन झॅकमन यांनी १९८७ मध्ये लिहिलेल्या एका शोधनिबंधापासून या विषयाची सुरुवात मानली जाते. त्यांच्या मांडणीला पुढे सहा प्रश्नांचे रूप आले: संस्थेकडे काय माहिती आहे, तिच्यावर काम कसे होते, ते कुठे होते, कोण करते, केव्हा आणि कशासाठी. हे प्रश्न मालक विचारतो तेव्हा उत्तर वेगळ्या पातळीवरचे असते आणि प्रोग्रामर विचारतो तेव्हा वेगळ्या. पण ती सगळी उत्तरे एकमेकांशी जुळली पाहिजेत. एका बँकेचे उदाहरण घेऊ. ग्राहकाचे बचत खाते एका सॉफ्टवेअरमध्ये, गृहकर्ज दुसऱ्यात आणि क्रेडिट कार्ड तिसऱ्यात असते. तो शाखेत जाऊन मोबाइल नंबर बदलतो. बचत खात्यात नवा नंबर लागतो, कर्जाच्या नोंदीत तो रात्रीच्या हिशेबानंतर पोहोचतो, कार्डाच्या नोंदीत पोहोचतच नाही आणि ओटीपी जुन्याच नंबरवर जात राहतो. ग्राहकाच्या दृष्टीने बँक एक आहे. आतून ती तीन बँका आहे. ग्राहकाची मूळ नोंद कोणती, ती कोणाच्या ताब्यात आणि बाकीच्यांनी ती कशी वाचायची, हे ठरवणे म्हणजे आर्किटेक्चरचे काम. ते झालेले नसेल तर तीनही सॉफ्टवेअर क्लाउडवर नेली तरी ओटीपी चुकीच्याच नंबरवर जाईल.

ही गुंतागुंत कोणाच्या नाकर्तेपणातून येत नाही. संस्था वाढते तशी ती वाढते. प्रत्येक विभाग आपल्या निकडीप्रमाणे सॉफ्टवेअर घेतो, दोन कंपन्यांचे विलीनीकरण होते तेव्हा दोघींच्या यंत्रणा शेजारी-शेजारी राहतात, आणि घाईत लिहिलेला एखादा तात्पुरता जोड वीस वर्षे टिकतो. मेल्विन कॉनवे या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने १९६८ मध्येच लिहिले होते की संस्थेत माणसे जशी एकमेकांशी बोलतात, तशीच तिने घडवलेल्या यंत्रणेची रचना होते. दोन विभागांचे आपसात पटत नसेल तर त्यांची सॉफ्टवेअरही एकमेकांशी बोलत नाहीत. म्हणून हा विषय निव्वळ आयटी विभागाचा नाही, वरिष्ठ व्यवस्थापनाचा आहे. एमआयटीच्या जीन रॉस आणि पीटर वाइल यांनी डेव्हिड रॉबर्टसन यांच्यासह २००६ मध्ये अनेक कंपन्यांच्या अभ्यासावर आधारलेले पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात कंपन्यांच्या वाटचालीचे चार टप्पे दिसतात. आधी प्रत्येक विभागाचे वेगळे बेट असते. मग यंत्रे आणि तंत्रज्ञान एकसारखे होते. मग मूळ माहिती आणि मुख्य कामे सगळ्यांसाठी सामाईक होतात. आणि शेवटी कामाचे तुकडे सुटे करून हवे तसे जोडता येतात. मधली पायरी गाळून कोणी वर जात नाही, असे त्यांचे निरीक्षण होते. बेटांच्या टप्प्यावर असलेली कंपनी क्लाउडवर गेली, तर तिथेही बेटेच तयार होतात. फक्त आता त्यांचे भाडे दरमहा येते.

याच्या उलट दिशेचा पुरावा नेटफ्लिक्सच्या इतिहासात मिळतो. ऑगस्ट २००८ मध्ये, ही कंपनी टपालाने डीव्हीडी पाठवत असताना, तिच्या मुख्य डेटाबेसमध्ये बिघाड झाला आणि तीन दिवस एकही डीव्हीडी पाठवता आली नाही. तेव्हा तिने क्लाउडकडे जायचे ठरवले. ते काम पूर्ण झाले जानेवारी २०१६ मध्ये, म्हणजे सात वर्षांनी. एवढा वेळ का लागला, याचे कारण कंपनीच्या अभियंत्यांनी तेव्हाच जाहीरपणे सांगितले होते. सगळ्या यंत्रणा आहेत तशा उचलून क्लाउडवर ठेवणे सर्वांत सोपे होते, पण तसे केले असते तर जुन्या घरातल्या सगळ्या अडचणीही सोबत गेल्या असत्या. बिऱ्हाड हलवले म्हणून संसाराची घडी आपोआप बसत नाही, हा अनुभव घर बदललेल्या कोणालाही नवा नाही. म्हणून त्यांनी एकसंध, अवाढव्य सॉफ्टवेअर फोडून शेकडो लहान सेवा केल्या, प्रत्येक सेवेची माहिती वेगळी केली आणि एक सेवा पडली तरी बाकीच्या चालतील अशी जोडणी केली. चालू यंत्रणेतले सर्व्हर मुद्दाम बंद पाडून बाकीचे टिकतात का, हे तपासणारे सॉफ्टवेअरही त्यांनी तयार केले. डिसेंबर २०१२ मध्ये नाताळच्या आदल्या दिवशी ॲमेझॉनच्या एका विभागात बिघाड झाला आणि नेटफ्लिक्सलाही फटका बसला. त्यानंतर त्यांनी एका भौगोलिक विभागाचे काम दुसऱ्याने उचलावे अशी व्यवस्था केली. क्लाउड त्यांना पहिल्या दिवसापासून उपलब्ध होता. सात वर्षे लागली ती स्वतःची रचना बदलायला.

हा मुद्दा परदेशी कंपन्यांपुरता नाही. मुंबईत मुख्यालय असलेल्या दोन मोठ्या खासगी बँकांवर रिझर्व्ह बँकेने गेल्या काही वर्षांत जी कारवाई केली, ती या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. डिसेंबर २०२० मध्ये एचडीएफसी बँकेला नव्या डिजिटल योजना आणि नवी क्रेडिट कार्डे थांबवायला सांगण्यात आले. आधीच्या दोन वर्षांत बँकेच्या सेवा वारंवार बंद पडल्या होत्या, आणि नोव्हेंबरमध्ये मुख्य डेटा सेंटरमधली वीज गेल्याने पुन्हा तसे झाले होते. हे निर्बंध पूर्णपणे उठायला मार्च २०२२ उजाडला. एप्रिल २०२४ मध्ये कोटक महिंद्रा बँकेला ऑनलाइन आणि मोबाइलवरून नवे ग्राहक घेण्यास आणि नवी क्रेडिट कार्डे देण्यास मनाई झाली. ती फेब्रुवारी २०२५ मध्ये उठली. त्या आदेशात रिझर्व्ह बँकेने त्रुटींची यादी दिली होती. तिच्यात पहिले नाव होते आयटी साधनांच्या नोंदवहीच्या व्यवस्थापनाचे, म्हणजे आपल्याकडे कोणती यंत्रे आणि सॉफ्टवेअर आहेत याचा नीट हिशेब ठेवण्याचे. त्यामागून पॅच म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या दुरुस्त्या आणि बदल यांचे नियोजन, कोणाला कशात शिरता येते यावरचे नियंत्रण, पुरवठादारांपासूनची जोखीम, माहितीची सुरक्षा आणि आपत्तीनंतर सावरण्याची तयारी या गोष्टी येतात. बँकेची वाढ ज्या वेगाने झाली त्या वेगाने यंत्रणा आणि नियंत्रणे उभी राहिली नाहीत, असा त्या आदेशाचा गाभा होता. या यादीतले एकही काम अधिक सर्व्हर घेतल्याने आपोआप होत नाही. आपल्याकडे काय आहे हे नीट लिहून ठेवणे, ही आर्किटेक्चरची पहिली पायरी नियामकानेही पहिल्या क्रमांकावर ठेवली, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

कागदावरची रचना आणि प्रत्यक्षातली रचना यांत किती अंतर पडू शकते, याचा धडा मुंबईतच २४ फेब्रुवारी २०२१ रोजी मिळाला. राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी थांबवावे लागले आणि ते दुपारी पावणेचारला पुन्हा सुरू झाले. त्या दिवशी बाजार पाच वाजेपर्यंत चालवावा लागला. मुख्य केंद्र आणि जवळचे पर्यायी केंद्र यांना जोडणाऱ्या लाइन दोन वेगवेगळ्या कंपन्यांकडून घेतलेल्या होत्या, म्हणजे एक बंद पडली तर दुसरी होती. प्रत्यक्षात दोघींच्याही लाइन एकाच वेळी डळमळल्या, कारण दोन केंद्रांमधल्या मार्गावर खोदकाम आणि बांधकाम चालू होते. त्यात लाइन तुटल्यावरही चालत राहायला हवी अशी माहिती साठवणारी यंत्रणा अपेक्षेप्रमाणे वागली नाही, जोखीम मोजणारी व्यवस्था बंद पडली आणि तिच्यावाचून बाजार चालू ठेवणे शक्य नव्हते. करारावर दोन पुरवठादार होते. जमिनीत मात्र धोका एकच होता. दोन गोष्टी खरोखर स्वतंत्र आहेत का, हे प्रत्येक थरात खाली जाऊन तपासणे हे आर्किटेक्चरचेच काम आहे. क्लाउडच्या बाबतीतही हाच प्रश्न उभा राहतो, फक्त तिथले थर आपल्याला दिसत नाहीत, म्हणून तो मुद्दाम विचारावा लागतो.

या सगळ्यावर घेतला जाणारा पहिला आक्षेप गंभीर आहे. आर्किटेक्चर म्हणजे कागदांचे ढीग, समित्या आणि विलंब. बाजार थांबत नाही. जे स्टार्टअप पुढे गेले ते आकृत्या काढत बसले नाहीत, असे म्हटले जाते. यात तथ्य आहे. संस्थेतला प्रत्येक संगणक आणि प्रत्येक तक्ता नोंदवण्याचा आग्रह धरला तर नोंद पूर्ण होईपर्यंत वस्तुस्थिती बदललेली असते. पण या आक्षेपाचे लक्ष्य वाईट आर्किटेक्चर आहे. झपाट्याने वाढलेल्या कंपन्यांकडे नीट पाहिले तर तिथे थोडे पण कडक नियम दिसतात. ॲमेझॉनमध्ये साधारण २००२ च्या सुमारास जेफ बेझोस यांनी काढलेल्या एका आदेशाची हकीकत तिथल्या एका माजी अभियंत्याने पुढे जाहीर केली: प्रत्येक गटाने आपली माहिती आणि काम ठरलेल्या इंटरफेसमधूनच दुसऱ्याला द्यायचे, दुसऱ्याच्या डेटाबेसमध्ये थेट हात घालायचा नाही, आणि तो इंटरफेस उद्या बाहेरच्या ग्राहकालाही देता येईल असा बांधायचा. त्यासाठी जाडजूड ग्रंथ लागला नाही. आज सारे जग जो क्लाउड भाड्याने घेते, तो उभारणारी कंपनी काही वर्षे आधी अंतर्गत शिस्तीच्या या टप्प्यातून गेली होती. शिस्तीने वेग मारला जातो असे म्हणणाऱ्यांनी हा क्रम लक्षात घ्यावा. थोडेच ठरवायचे, पण जे ठरवले ते सगळ्यांनी पाळायचे, एवढे झाले तरी पुष्कळ झाले.

दुसरा आक्षेप असा, की ही काळजी क्लाउड कंपन्यांवर सोपवावी. त्यांच्याकडे जगातले उत्तम अभियंते आहेत आणि एखाद्या बँकेपेक्षा किंवा महापालिकेपेक्षा त्या सर्व्हर नक्कीच चांगले सांभाळतात. सर्व्हर त्या चांगले सांभाळतात, हे मान्य. पण मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीच्या बाबतीत काय घडले ते पाहा. गूगल क्लाउडकडून मांडणी करताना झालेल्या एका चुकीमुळे या निधीची खासगी क्लाउड व्यवस्था पुसली गेली. दोन ठिकाणी प्रती होत्या, पण दोन्ही गेल्या. सहा लाखांहून अधिक सभासदांना एक आठवड्याहून जास्त काळ सेवा मिळाली नाही. निधी सावरला, त्यात त्याने आणखी एका वेगळ्या कंपनीकडे ठेवलेल्या बॅकअपचा मोठा हात होता. तो बॅकअप ठेवण्याचा निर्णय क्लाउड कंपनीचा नव्हता, निधीच्या आर्किटेक्चरचा होता. २० ऑक्टोबर २०२५ रोजी ॲमेझॉनच्या अमेरिकेतल्या उत्तर व्हर्जिनिया विभागात बिघाड झाला तेव्हा जगभरातल्या असंख्य सेवा अडखळल्या. आपण त्या एका विभागावर अवलंबून आहोत, हे कित्येकांना त्या दिवशी कळले. याचा अर्थ सगळे आपल्याच इमारतीत ठेवावे असाही होत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियातल्या देजॉन इथल्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली, सहाशेहून अधिक सरकारी यंत्रणा बंद पडल्या आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या कागदपत्रांचा ८५८ टेराबाइटचा साठा नष्ट झाला, कारण त्याची प्रत बाहेर कुठेच नव्हती. युनिसुपरकडे भाड्याचे संगणक होते, कोरियाच्या सरकारकडे स्वतःचे. फरक पडला तो दुसरी प्रत कुठे ठेवायची याचा विचार कोणी केला होता, यामुळे.

तिसरा आक्षेप पैशाचा. क्लाउड स्वस्त पडतो, तेव्हा आधी जावे आणि रचना मागाहून सुधारावी, असे अनेक व्यवस्थापक मानतात. क्लाउडचे भाडे वापरावर असते, आणि वापर किती होतो हे सॉफ्टवेअरच्या रचनेवर ठरते. जुने सॉफ्टवेअर जसेच्या तसे नेले की ते रात्रंदिवस, काम असो-नसो, संगणक अडवून बसते. गरजेप्रमाणे क्षमता घटवण्याची सोय असूनही तिचा लाभ घेता येत नाही. एकच माहिती चार विभागांनी चार ठिकाणी साठवली की भाडेही चौपट. शिवाय क्लाउड प्रत्येक कामाला स्वस्त पडतोच असेही नाही. ड्रॉपबॉक्स या कंपनीने २०१५-१६ मध्ये आपल्या ग्राहकांच्या फाइलींचा बहुतेक साठा ॲमेझॉनकडून काढून स्वतःच्या यंत्रणेत आणला आणि पुढच्या दोन वर्षांत सुमारे साडेसात कोटी डॉलर वाचल्याचे २०१८ मधल्या आपल्या भागविक्रीच्या कागदपत्रांत नोंदवले. तिचा वापर प्रचंड, स्थिर आणि अंदाज करता येण्याजोगा होता, म्हणून हे जमले. ज्याचा भार एकाएकी चढतो-उतरतो, त्याचे गणित उलट येईल. कोणते काम क्लाउडवर ठेवावे आणि कोणते स्वतःकडे, हे ठरवता येण्यासाठी कामांची नीट फोड आधी केलेली असावी लागते.

चौथा आक्षेप महाराष्ट्राला जवळचा आहे. हे सगळे मोठ्या कंपन्यांचे प्रश्न. एखाद्या नागरी सहकारी बँकेला, पतसंस्थेला किंवा नगरपालिकेला यात पडायची गरज काय, असे विचारले जाते. या संस्था स्वतःचे संगणक क्वचितच सांभाळतात. कोअर बँकिंगपासून यूपीआयपर्यंत सगळे बाहेरच्या कंपनीकडून घेतले जाते आणि तसे करणे परवडणारेही आहे. पण जुलै २०२४ च्या अखेरीस सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीवर रॅन्समवेअरचा, म्हणजे माहिती अडकवून खंडणी मागणाऱ्या सॉफ्टवेअरचा हल्ला झाला. ती सहकारी आणि ग्रामीण बँकांना अशीच सेवा पुरवते. लागण पसरू नये म्हणून राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने तिला देशाच्या देयक-जाळ्यातून काही काळ तोडले, आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या, त्या वेळच्या वृत्तांनुसार सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांचे व्यवहार खोळंबले. त्या बँकांनी स्वतः काही चुकीचे केले असो वा नसो, परिणाम त्यांच्या ग्राहकांना भोगावे लागले. लहान संस्थेची रचना बहुतेक सगळी दुसऱ्यांच्या हातात असते, म्हणून कोण कोणावर अवलंबून आहे याचा नकाशा तिला मोठ्या संस्थेपेक्षा जास्त लागतो. सुदैवाने तो लहानही असतो. चार पानांत मावतो. रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये आयटी सेवा बाहेरून घेण्याबाबत जे निर्देश काढले, त्यांत सेवा बाहेर दिली तरी ग्राहकाबद्दलची जबाबदारी बाहेर जात नाही आणि पुरवठादाराकडून बाहेर पडण्याची योजना आधीच हवी, ही तत्त्वे आहेत. त्याच वर्षीच्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही, दुसऱ्याकडून प्रक्रिया करून घेतली तरी उत्तरदायी माहिती गोळा करणारी संस्थाच राहील, असे स्पष्ट केले. सुरक्षेत कसूर झाल्यास त्या कायद्यात २५० कोटी रुपयांपर्यंतच्या दंडाची तरतूद आहे. काम बाहेर देता येते, जबाबदारी देता येत नाही, हे आता कायद्यानेच सांगितले आहे.

यात एक गोष्ट मान्य केली पाहिजे. एकदा चांगली बसवलेली घडी कायमची टिकत नाही. रॉस आणि सहकाऱ्यांच्या पुस्तकात डेल्टा या अमेरिकी विमान कंपनीचे उदाहरण गौरवाने दिले आहे. उड्डाणे, प्रवासी आणि सामान यांची माहिती तिने सगळ्या विभागांना सामाईक केली होती. जुलै २०२४ मध्ये क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले, तेव्हा अमेरिकेतल्या बहुतेक विमान कंपन्या एक-दोन दिवसांत सावरल्या, पण डेल्टाची जवळपास सात हजार उड्डाणे रद्द झाली. कोणता वैमानिक आणि कोणता कर्मचारी कुठे आहे याचा हिशेब ठेवणारी तिची यंत्रणा साचलेल्या बदलांशी मेळ घालू शकली नाही. आर्किटेक्चर निरुपयोगी ठरते असा याचा अर्थ कोणी काढेल. मला त्यातून दिसते ते असे, की हा एकदाच पार पाडायचा प्रकल्प मानला तर तो वर्षागणिक झिजतो. ज्या संस्थेत नवे सॉफ्टवेअर घेताना दरवेळी 'हे कशाला जोडले जाणार आणि बंद पडले तर काय अडेल' असे विचारले जाते, तिथेच ही घडी ताजी राहते.

म्हणून क्लाउडचा करार मंजुरीला येतो तेव्हा संचालक मंडळाने, नगरसेवकांनी किंवा विश्वस्तांनी तांत्रिक तपशिलाला बिचकून गप्प बसू नये. त्यांना प्रोग्रामिंग येण्याची गरज नाही. पाच प्रश्न विचारता आले तरी पुरे. आपल्याकडे कोणती सॉफ्टवेअर आहेत आणि प्रत्येकाची जबाबदारी कोणाच्या नावावर आहे? ग्राहकाची किंवा नागरिकाची मूळ नोंद कुठे आहे आणि ती एकच आहे का? हा पुरवठादार उद्या बंद पडला तर कोणती कामे किती तास थांबतील? आपल्या माहितीची प्रत त्याच्या आवाक्याबाहेर कुठे ठेवली आहे आणि ती परत आणून पाहण्याचा सराव शेवटचा केव्हा झाला? आणि सगळे एकाच रात्री हलवण्याऐवजी कमी जोखमीच्या कामापासून टप्प्याटप्प्याने जाण्याची योजना आहे का? या प्रश्नांची लेखी उत्तरे मिळाली तर क्लाउडवर जाण्यास कचरण्याचे कारण नाही. तिथली लवचीकता आणि वेग संस्थेच्या खरोखर कामी येतील. उत्तरे मिळाली नाहीत तर सही काही महिने लांबवून ती शोधण्यासाठी माणसे आणि पैसा द्यावा. तो खर्च अंदाजपत्रकात ठळकपणे दिसतो आणि म्हणूनच तो कापण्याचा मोह होतो. न केलेल्या त्या कामाची किंमत मात्र पुढे ज्यांचा पगार, पेन्शन किंवा कर्जाचा हप्ता अडकतो त्यांना मोजावी लागते, आणि हा निर्णय घेताना त्यांना कोणी विचारलेले नसते. त्यांच्या वतीने हे पाच प्रश्न विचारणे हे पदावर बसलेल्यांचे कर्तव्य आहे.